मीटर कोणाच्या नावे?

इटलीत घर भाड्याने किंवा विकत घेणाऱ्या भारतीय कुटुंबापुढे पहिल्या आठवड्यात जे प्रश्न उभे राहतात, त्यांत पाण्याचा प्रश्न सर्वांत किरकोळ वाटतो आणि पुष्कळदा तोच सर्वाधिक दिवस खातो. वीज आणि गॅस यांसाठी तेथे अनेक विक्रेत्या कंपन्या आहेत. एकीशी जमले नाही तर दुसरीकडे जाता येते. पाण्याचे तसे नाही. प्रत्येक क्षेत्राला पाणी पुरविणारी संस्था एकच. मिलानमध्ये 'एमएम', रोममध्ये 'आचेआ' समूहातील कंपनी, नेपल्समध्ये 'एबीसी', तर दक्षिणेच्या पुल्या प्रांतात शंभर वर्षांहून जुनी 'आक्वेदोत्तो पुल्येसे'. भाव करण्याची सवय असलेल्या व्यापारी माणसाची येथे पंचाईत होते, कारण समोर दुसरे दुकानच नसते.

दुकान एकच असल्यामुळे त्याच्यावर देखरेख मात्र कडक आहे. 1994 च्या कायद्याने नळ, सांडपाणी आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण या तिन्ही गोष्टी एकाच सेवेत आणल्या. पुढे 12 आणि 13 जून 2011 रोजी झालेल्या सार्वमतात, पाणीपुरवठ्याच्या दरात गुंतवलेल्या भांडवलावरील परताव्याची तरतूद रद्द करण्याच्या बाजूने 95 टक्क्यांहून अधिक मते पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस पाण्याचे नियमन राष्ट्रीय नियामकाकडे सोपविण्यात आले. 'आरेरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियामकाने नळजोडणीपासून तक्रारीपर्यंत प्रत्येक कामाला मुदत बांधून दिली आहे. ती मुदत ज्याला ठाऊक असते, त्याचे काम लवकर होते, एवढाच अनुभव तेथील कार्यालयांविषयी सांगितला जातो आणि तो आपल्याकडील कार्यालयांहून फारसा वेगळा नाही.

आपल्या समाजाचा इटलीशी संबंध आता केवळ सहलीपुरता राहिलेला नाही. व्हिचेन्झाच्या दागिने प्रदर्शनाला जाणारे सराफ, कारारातून संगमरवर मागविणारे व्यापारी, आणि त्यांहून अधिक संख्येने मिलान, तोरिनो, पादुआ, बोलोन्या येथील विद्यापीठांत शिकणारी मुले-मुली यांच्यामुळे तेथील घरभाडे, अनामत आणि पाणीपट्टी हे विषय पुण्या-कोल्हापुरातील घरांत बोलले जाऊ लागले आहेत. पैसे बहुधा येथून जातात. कागदावर सही मात्र तेथील मुलाची किंवा मुलीची असते. म्हणून हा विषय पालकांनीही समजून घेण्याजोगा आहे.

सर्वांत आधी हे पाहावे की आपल्या नावाचे मीटर लागणार आहे की नाही. मोठ्या शहरांतील बहुतेक सदनिका 'कोंडोमिनिओ'त, म्हणजे आपल्या सोसायटीसारख्या इमारतींत असतात. तेथे पुष्कळदा संपूर्ण इमारतीस एकच मीटर असते आणि प्रत्येक घराचा वाटा प्रशासक काढतो. आठांहून अधिक मालक असतील तर असा प्रशासक नेमणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा सदनिकेत राहणाऱ्याने पाणीपुरवठा संस्थेकडे जाण्याचे काहीच कारण नसते; पाण्याचा खर्च देखभालीच्या रकमेत धरला आहे का, एवढे भाडेकरारात वाचून घ्यावे. स्वतंत्र मीटर असेल ते सुट्या घराला, जुन्या बंगलीच्या तळमजल्याला, गावाकडच्या वाड्याला किंवा दुकानाला. आणि गोंधळ होतो तो याच ठिकाणी.

अशा घरासाठी अर्ज करताना तीन इटालियन शब्द नेमके माहीत असावे लागतात. पाणी चालू आहे, मीटर फिरते आहे आणि केवळ जुन्या माणसाच्या जागी नव्याचे नाव लावायचे आहे, तर तो अर्ज 'व्होल्तुरा'चा. मीटर जागेवर आहे, पण करार संपवून पाणी बंद केलेले आहे आणि नव्या नावाने ते पुन्हा चालू करायचे आहे, तर तो 'सुबेन्त्रो'. मीटरच नाही, रस्त्याखालील जलवाहिनीपासून नवी जोडणी घ्यायची आहे, तर तो 'आलाच्चो'. शेवटच्या प्रकारात संस्थेचा माणूस जागा पाहतो, खर्चाचा अंदाज देतो, खोदकाम होते. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. पहिल्या दोन प्रकारांना तसे काही लागत नाही. तरीही चुकीच्या नावाचा अर्ज भरल्यामुळे साध्या कामाचे लांबलचक काम झालेली घरे कमी नाहीत. नळ कोरडा दिसला म्हणून मीटर नाही असे समजू नये. ते पदपथावरील लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात किंवा बाहेरच्या भिंतीतील कोनाड्यात असते, आणि त्याच्या तबकडीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक, शक्य झाल्यास जुने बिल, आणि मीटर आज काय दाखवते आहे त्याचा आकडा, एवढे हाती असले की कार्यालयातील माणूस कोणता अर्ज हवा ते लगेच सांगू शकतो.

कागदपत्रांत पहिले येते ते 'कोदिचे फिस्काले', म्हणजे आपल्या पॅन क्रमांकासारखी 16 अक्षर-अंकांची करओळख. ती नसेल तर कोणतेही खाते उघडत नाही. तेथे गेल्यावर ती कर कार्यालयातून मिळते. परदेशात राहणाऱ्यांना इटलीच्या वकिलातीमार्फतही मिळू शकते आणि इटलीचा महावाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. त्यानंतर घरावरील हक्काचा पुरावा. मालकास खरेदीखत, भाडेकरूस भाडेकरार, आणि तोही नोंदविलेला. वर्षभरात 30 दिवसांहून अधिक काळाचा भाडेकरार झाल्यापासून 30 दिवसांच्या आत कर कार्यालयात नोंदवावा लागतो. घरमालक कर चुकविण्यासाठी नोंदणी टाळत असेल तर त्याची झळ भाडेकरूला नळाच्या अर्जाच्या वेळी लागते. 2014 च्या एका कायद्याने, घरावर वैध हक्क नसलेल्या व्यक्तीस पाणी, वीज, गॅस यांची जोडणी देण्यास बंदी केली आहे. म्हणून हा कागद मागितला जातो, कर्मचाऱ्याच्या लहरीखातर नव्हे. स्वस्त भाड्याच्या मोहाने तोंडी व्यवहारावर घर घेणाऱ्या मुलाच्या वडिलांनी हे ध्यानात ठेवावे. याखेरीज जागेचे भूमापन क्रमांक लागतात: फोल्यो, पार्तिचेल्ला आणि सुबाल्तेर्नो. आपल्याकडील सिटी सर्व्हे क्रमांक आणि त्यातील पोटहिस्सा यांचेच हे भावंड. ते भाडेकरारात लिहिलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. घरावर आधीच्या माणसाची पाण्याची थकबाकी असेल तर काय?

समजा, पुण्याच्या एका व्यापारी कुटुंबातील कन्या पादुआ येथे शिकावयास गेली आणि एका जुन्या घराचा तळमजला तिने करारावर घेतला. नळाला पाणी नाही. चौकशीअंती कळते की आधीच्या भाडेकरूने वर्षभर बिल भरले नव्हते. घरमालक म्हणतो, 'आधी थकबाकी भरून टाक, पाणी सुरू होऊ दे, मग आपण हिशेब पाहू.' परक्या देशात, एकटी मुलगी, नळ कोरडा. घरी फोन येतो आणि वडील पैसे पाठवून मोकळे होतात. रक्कम फार मोठी नसेलही. पण ती त्या मुलीची देणी नव्हती. नियामकाचा नियम याबाबत स्पष्ट आहे. जेथे थकबाकी आहे अशा जागेसाठी नव्या व्यक्तीने अर्ज केला, तर संस्था तिच्याकडून आधीच्या देण्याशी आपला काही संबंध नाही, अशी कागदपत्रांसह स्वयंघोषणा मागू शकते. ती दिली आणि ती खरी असली की जुने देणे जुन्या माणसाकडून वसूल करणे ही संस्थेची जबाबदारी. नव्या खात्यावर जुने कर्ज चढविता येत नाही. बँकेच्या व्यवहारात जे तत्त्व सर्वांना मान्य आहे, तेच हे.

परंतु याच नियमाला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या कुटुंबांच्या अधिक जवळची आहे. नवा अर्जदार त्या थकबाकीच्या काळात त्याच घरात कोणत्याही नात्याने राहत होता असे संस्थेला आढळले, तर देणे फिटेपर्यंत ती व्होल्तुरा नाकारू शकते. 'कोणत्याही नात्याने' हे शब्द फार व्यापक आहेत. तीन मैत्रिणी एकत्र राहत होत्या, मीटर एकीच्या नावे होते, ती बिले न भरता निघून गेली, आणि उरलेल्या दोघींपैकी एकीने अर्ज केला, तर ती या देण्याला परकी ठरत नाही. ती त्याच नळाचे पाणी प्यालेली आहे. एखाद्या पेढीच्या नावे घर होते, भागीदाराचे कुटुंब तेथे राहत होते, पेढीने बिले थकविली आणि आता मुलगा स्वतःच्या नावाने नवी जोडणी मागतो आहे; त्यालाही त्या घोषणेवर सही करता येत नाही. आपल्याकडे एक खाते अडले की घरातील दुसऱ्याच्या नावाने उघडण्याची जी वाट वापरली जाते, ती येथे उपयोगी पडत नाही.

अशा वेळी कोणी हितचिंतक किंवा दलाल सांगतो, 'फॉर्मवर नुसती एक ओळ आहे, सही कर, कोण पाहतो!' इटलीत स्वयंघोषणेला मोठे महत्त्व आहे. 2000 सालच्या अध्यादेशानुसार नागरिकाचा शब्द सरकारी दाखल्याच्या जागी चालतो, आणि म्हणूनच खोटी घोषणा हा फौजदारी गुन्हा ठरतो. शिवाय तिच्या आधारे मिळालेला लाभही काढून घेतला जातो. युरोपीय संघाबाहेरील नागरिकास तर इटलीतील सरकारी कार्यालये ज्यांची खातरजमा करू शकतात अशाच बाबींपुरती ही सवलत आहे. म्हणजे भारतीय विद्यार्थ्याने लिहिलेली ओळ तपासता येईल अशीच असते, आणि राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत असल्यामुळे ती तपासणे अवघडही नसते. कायदा बाजूला ठेवला तरी, तत्त्वार्थसूत्रात सत्य-अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रियेची गणना आहे. खोटा लेख लिहिणे हा अतिचार व्यापाऱ्याच्या वहीपुरताच आहे आणि नळाच्या फॉर्मला तो लागू नाही, असे म्हणण्यास शास्त्रात कोठेही आधार नाही. अशा मुलीने थकबाकीचे बिल मागवून आपल्या राहण्याच्या काळातील रक्कम तपासावी, हप्ते मागावेत, रक्कम भरावी आणि निघून गेलेल्या मैत्रिणीकडून तिचा वाटा लेखी मागावा. हा मार्ग महाग वाटतो. पण जे देणे नाही ते भरू नये आणि जे आहे ते नाकारू नये, या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात बसतात.

दोन्ही बाजूंनी निर्णय शेवटी एका आकड्यावर येतो: ज्या दिवशी घराची किल्ली हाती आली त्या दिवशीचे मीटरवाचन. तबकडीवरील काळे अंक घनमीटर दाखवतात, लाल अंक लिटर. बिल काळ्या अंकांचे होते. संस्थेचा माणूस साधारण घरगुती मीटर वाचण्यासाठी वर्षातून दोनदा येतो आणि मधल्या काळात अंदाजाने बिल काढून पुढे फरक वळता केला जातो. वर्षाला 100 घनमीटरपर्यंत वापर असलेल्या घराला बिलेही वर्षातून दोनच येतात. त्यामुळे आधीच्या माणसाची थकबाकी सहा-सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि अंदाजी बिलातील फरक नव्याच्या माथी बसण्याची शक्यता राहते. किल्ली घेताना घरमालकासमक्ष मीटरचे छायाचित्र घ्यावे, त्यात अनुक्रमांक आणि आकडा दोन्ही दिसावेत, आणि ताबा-पत्रावर तो आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. शाखेचा ताबा घेताना तिजोरीतील रोकड मोजून घेतात, त्यातलाच हा प्रकार. दोन वर्षांहून जुन्या वापराचे बिल उशिरा आले तर मुदतबाह्य म्हणून ते नाकारण्याचा हक्क 2020 पासून ग्राहकास मिळाला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

कागद पूर्ण असतील तर व्होल्तुरा असो वा सुबेन्त्रो, कामाच्या 5 दिवसांत ते व्हावयास हवे. झाले नाही तर 30 युरो भरपाई आपोआप बिलात वळती होते; विलंब दुप्पट मुदतीपलीकडे गेला तर 60, तिप्पट मुदतीपलीकडे गेला तर 90. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. म्हणूनच अर्ज दिल्याची पोच आणि तिची तारीख सांभाळून ठेवावी. मोजणी तेथून सुरू होते. सुबेन्त्रोसाठी संस्थेचा माणूस येऊन मीटरवरील सील काढतो आणि कॉक उघडतो. त्याची वाट पाहण्याचा कंटाळा येऊन पान्ह्याने स्वतःच कॉक उघडणारे असतात. सील तोडून घेतलेले पाणी हे तेथील कायद्याने चोरी आणि आपल्या परिभाषेत अदत्तादान. शिवाय त्या एका कारणावरून करारच रद्द होऊ शकतो. मीटरपर्यंतची नळी संस्थेची, मीटरनंतरची घराची. घर वर्षभर बंद होते आणि थंडीत नळी फुटलेली असेल तर कॉक उघडताच पाणी भिंतीत जाते आणि मीटर फिरत राहते. त्या वेळी घरात कोणीतरी हजर असावे, सर्व तोट्या बंद असाव्यात आणि मीटरची लाल चक्री थांबते का ते पाहावे.

स्वतःच्याच खात्याचे बिल राहून गेले आणि पुरवठा तोडला गेला, तर तो प्रकार वेगळा. मुदत उलटल्यानंतर 10 दिवसांनी साधे स्मरणपत्र आणि 25 दिवसांनंतर रीतसर नोटीस अशा पायऱ्या आहेत. हप्त्यांची मागणी करता येते. त्या पत्त्यावर नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंदलेल्या कुटुंबाचे पाणी एकदम तोडता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे आधी प्रवाह कमी करतात, पण माणशी दररोज 50 लिटर मिळतील इतका तो ठेवावा लागतो. गरीब म्हणून पाण्याची सवलत मिळणाऱ्या कुटुंबाचा पुरवठा तर तोडताच येत नाही. 50 लिटरचा हा आकडा 2016 च्या सरकारी आदेशातून आला आहे. तीन माणसांच्या घराला वर्षाला साधारण 55 घनमीटर पाणी सवलतीच्या दराने मिळते, त्याचाही हिशेब हाच. मात्र हे सारे संरक्षण आणि हा स्वस्त दर 'रहिवासी' या नोंदीशी बांधलेले आहेत. आपले विद्यार्थी निवास-परवान्याचे काम झाले की थांबतात आणि नगरपालिकेतील नोंद करीत नाहीत. मग पाणीपट्टीच्या वहीत ते अ-रहिवासी राहतात, दर जास्त देतात आणि प्रसंगी एकदम तोडले जातात. थकबाकी भरून पावती पाठविल्यावर मात्र कामाच्या 2 दिवसांत पाणी परत सुरू करण्याचे बंधन संस्थेवर आहे.

बिल हाती आले की त्यात नळ, सांडपाणी आणि शुद्धीकरण असे तीन भाग दिसतात आणि त्यांवर 10 टक्के मूल्यवर्धित कर. गावाकडच्या घरास शुद्धीकरण केंद्राची सोयच नसेल तर तो भाग आकारता येत नाही, असा घटनात्मक न्यायालयाचा 2008 चा निर्णय आहे. बिलाची प्रत्येक ओळ वाचण्याची सवय असलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

बंद घराच्या नळ्यांत साठलेले पाणी पहिल्याने वाहू द्यावे लागते. आपल्या घरांना ते वाया जाणे खुपते. ते बादलीत धरून फरशीसाठी वापरावे. पिण्यासाठी आणि उकळण्यासाठी मात्र ताजे पाणी येईपर्यंत थांबावे. मिलानचे पाणी भूगर्भातील विहिरींतून येते आणि क्षारयुक्त असते. उकळलेल्या पाण्याच्या भांड्याला पांढरा थर बसतो, त्याने घाबरून जाऊ नये. व्हिनेगरने तो निघतो. गाळण्याचे कापड मात्र येथूनच न्यावे.

नळ सुरू करण्याची जेवढी घाई असते, तेवढीच घर सोडताना बंद करण्याची विस्मृती होते. शिक्षण संपते, मुलगा विमानात बसतो आणि मीटर त्याच्या नावे फिरत राहते. पुढचा भाडेकरू त्याच्या नावाचे पाणी वापरतो आणि बिले रिकाम्या पत्त्यावर साचतात. घर सोडण्यापूर्वी शेवटचे वाचन देऊन करार संपवावा किंवा येणाऱ्याला व्होल्तुरा करावयास लावून तिची प्रत घ्यावी. बँक खात्यातून थेट वसुलीची संमती दिलेल्या, वर्षाला 500 घनमीटरपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाकडून अनामत घेतली जात नाही. ज्यांच्याकडून घेतली असेल त्यांना करार संपल्यापासून 30 दिवसांत ती कायदेशीर व्याजासह परत मिळावयास हवी. हा परतावा बहुधा तेथील बँक खात्यातच येतो, आणि मुले परतण्याच्या घाईत सर्वांत आधी तेच खाते बंद करतात. आधी पाण्याचा करार, मग अनामतीचा परतावा, आणि ती रक्कम जमा झाल्याचे पाहूनच बँकेचे खाते बंद करावे.